अर्धा श्वास आधी

भुतांनी निदान वेळ तरी पाळावी अशी आपली अपेक्षा असते. सकाळचे अकरा ही काही त्यांची वेळ नव्हे. वर रस्त्यावर चांगलं ऊन होतं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नुकतंच शटर वर केलं होतं, आणि खाली तळघरातल्या स्टुडिओत ठिणगी माइकसमोर उभी राहून नव्या अल्बमचं पहिलं गाणं गायला तोंड उघडत होती. तेवढ्यात हेडफोनमध्ये तिच्या आधी कुणीतरी गायला लागलं.

फार आधी नाही, अर्धा श्वास आधी. शब्द तेच, चाल तीच. आवाज मात्र असा स्वच्छ, की ठिणगीने आपला सूर लावलाच नाही. तिने हेडफोन काढून गळ्यात घेतला.

"काका, डमी लावलीत का?"

काचेपलीकडे काका बसले होते. एकाहत्तर वर्षांचे ध्वनिमुद्रक. कान खराब होऊ नयेत म्हणून रस्त्याने चालताना कापसाचे बोळे घालून चालणारे. त्यांनी बटण दाबलं.

"कसली डमी? तूच नको म्हणालीस ना? माझ्याकडे वाद्यांचा बाजा आहे नि तू आहेस. तिसरं कोणी नाही."

"बरं," ती म्हणाली. "परत घ्या."

परत घेतलं. परत तेच झालं. या वेळी ती थांबली नाही. अकरा वर्षांची जुनी सवय होती, त्या आवाजामागून पाय टाकत गेलं की गाणं पार पडतं. ती गात गेली, गाणं संपलं, आणि काकांनी काचेपलीकडून अंगठा वर केला. गेल्या सहा वर्षांत त्यांनी तो वर केला नव्हता.

डमी म्हणजे काय ते सांगायला हवं. गाणं तयार झालं की मोठ्या गायिकेच्या आधी कुणीतरी ते साधेपणाने गाऊन ठेवतं. चाल कशी वळते, श्वास कुठे घ्यायचा, हे कळावं म्हणून. मोठी गायिका हेडफोनमध्ये ते ऐकत ऐकत आपलं गाते. तिचं झालं की डमी पुसून टाकतात. घर बांधून झाल्यावर बाहेरचे बांबू काढतात, त्यातलाच प्रकार. बांबूंचे आभार कोणी मानत नाही.

ठिणगीच्या घराचे बांबू म्हणजे तिची ताई. ठिणगी हे लोकांनी ठेवलेलं नाव. पहिल्याच गाण्यात ती स्टेजवर अशी काही नाचली होती की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तेच. रूप होतं, धिटाई होती, आणि आवाज? आवाजही होता की. पण तो ताईच्या आवाजाच्या मागे चालणारा होता. ताई कुठे थांबते, कुठला शब्द दाबते, कुठे हळूच हसते, ते सगळं ठिणगी जसंच्या तसं उचलायची. ज्या हसण्यावर लोक जीव टाकायचे, ते हसू ताईचं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा झगमगता पोशाख घालून डोलायचा.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान चालवायची. पँट आखूड करणं, चेनी बदलणं, जाडजूड माणसांचे कोट सैल करणं. दुपारी दुकान बंद करून स्टुडिओत यायची, डमी गायची आणि परत जायची. अकरा वर्षं. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. आता गळ्याच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक होतं, त्यावर ताई रुमाल बांधायची. श्वास तिथूनच जायचा नि यायचा. कुजबुजणंसुद्धा गेलं.

त्यानंतर ठिणगीला दुसऱ्या मुलींनी डमी गाऊन दिल्या. दोन अल्बम निघाले आणि दोन्ही पडले. एका समीक्षकाने लिहिलं, ठिणगी विझली. ठिणगीने ते कात्रण पर्समध्ये जपून ठेवलं होतं. जखमेवरची खपली काढत बसणाऱ्यांतली होती ती.

म्हणून हा नवा अल्बम. नाचाची गाणी नाहीत, उधारीचे शब्द नाहीत. सगळं आपलं, आपल्या आयुष्यातलं, स्वतः लिहिलेलं. आईचं कामावरून थकून येणं, मोडलेलं लग्न, चाळिशीच्या उंबरठ्यावरची भीती. आणि डमी नाही. कंपनीच्या मॅनेजरला तिने ठणकावून सांगितलं होतं, "या वेळी फक्त मी." मॅनेजरने लगेच तेच अल्बमचं नाव केलं. 'फक्त मी.' पोस्टरही छापायला गेलं. हा अल्बम पडला तर पुढचा कोणी काढणार नाही, हे मॅनेजरने हसत हसत पण दोनदा सांगितलं होतं.

आणि पहिल्याच दिवशी अकरा वाजता कानात ताई.

दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही. पाच दिवसांत पाच गाणी झाली. मॅनेजर ऐकायला आला आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. "मॅडम, कुठे लपवून ठेवला होतात हा आवाज?" ठिणगी हसली. खरं सांगायचं तर तिला भीती कमी आणि सुख जास्त वाटत होतं, आणि याचीच तिला लाज वाटत होती. सहा वर्षं ती अंधारात चाचपडत होती. आता पुन्हा कोणीतरी पुढे चाललं होतं.

लहानपणी असंच होतं. त्यांच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं अडगळीचं सामान असायचं आणि जिन्यात दिवा नव्हता. आईने काही आणायला पाठवलं की धाकटी पहिल्या पायरीवरच हटून बसायची. ताई म्हणायची, "आधी मी, मग तू." ती गुणगुणत खाली उतरायची आणि धाकटी त्या गुणगुणण्यामागून एकेक पायरी. कडू औषध असो, नवी शाळा असो, गार पाण्याची आंघोळ असो, आधी ताई, मग ती. तो त्या घरचा नियमच होता.

सहाव्या दिवशी सहावं गाणं होतं, अल्बममधलं शेवटचं. ते ताईवर लिहिलेलं होतं. ठिणगीला वाटत होतं की हे आपलं सगळ्यात धाडसी गाणं. बहिणीने आपल्यासाठी किती केलं, आपण तिला कसं विसरणार नाही, वगैरे. शब्द गोड होते. जरा जास्तच गोड. खाई त्याला खवखवे म्हणतात, तर ज्यांना खवखवतं त्यांनाच इतकी साखर लागते.

बाजा सुरू झाला. कानात ताईचा आवाज आला आणि ठिणगी मागून निघाली. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्यात लिहिलं होतं:

*तुला न हवी होती वाट ही, तू मला दिली*

कानातला आवाज गायला:

*मला हवी होती वाट ही, तू कुठे विचारली*

ठिणगीची जीभ अडखळली. तिने आपलं लिहिलेलं रेटून गायला सुरुवात केली. आवाज थांबला नाही. तो त्याच चालीवर, त्याच शांतपणे पुढचं सांगत गेला. जिना, चहाचे कप, बंद दार, दारामागे एक धाकटी बहीण आणि तिच्या तोंडचं एक वाक्य. ठिणगीने हेडफोन ओरबाडून काढला आणि जमिनीवर टाकला. जमिनीवरूनही तो बारीक आवाजात गात होता.

काचेपलीकडे काकांनी बाजा बंद केला. हेडफोनमधलं गाणं ओळ पुरी करूनच थांबलं.

"इकडे ये," काका म्हणाले.

ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ होती. नीट पाहिलं तर एक नव्हती, दोन होत्या. एक जाड, आणि तिच्यामागे अर्ध्या श्वासाच्या अंतराने दुसरी, बारीक. सगळ्या गाण्यांत तसंच.

"पाच दिवस मी समजत होतो, खोलीचा घुमारा आहे," काका म्हणाले. "पण घुमारा मागून येतो, पोरी. हा पुढून येतोय. आणि आज शब्दही वेगळे."

"ऐकले तुम्ही?"

"ऐकले. हा आवाज मी ओळखतो. सतरा वर्षांपूर्वी याच हाताने पुसलाय मी तो."

ती गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती, निदान ठिणगीची तशी समजूत होती. पहिल्या गाण्याच्या वेळी कंपनीच्या मालकाने डमी ऐकली होती आणि विचारलं होतं, ही कोण? हिचंच ठेवा, दुसरं कोणी कशाला? काका ते सांगायला बाहेर आले तेव्हा ताई चहा आणायला गेली होती. समोर धाकटी होती. एकवीस वर्षांची, नवे बूट घातलेली. तिने क्षणभरही विचार केला नाही. "ताईला गायचं नाहीये. तिनेच मला सांगितलंय. पुसून टाका." काकांनी पुसलं. त्यांनी ताईला विचारलं नाही, आणि ते आपण का विचारलं नाही याचं उत्तर त्यांना अजून सापडलेलं नव्हतं.

"आता काय करायचं?" काकांनी विचारलं.

ठिणगीच्या डोळ्यांसमोर पोस्टर आलं. मॅनेजरचं ते दोनदा हसणं आलं. आणि तिच्या तोंडून तेच निघालं, त्याच सुरात.

"पुसून टाका."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते पडद्याकडे वळले. आज्ञाधारक माणसं जगात फार नुकसान करतात. त्यांनी सहाही गाण्यांतली पुढची जाड रेघ निवडली आणि पुसली. मागची बारीक, ठिणगीची स्वतःची, तेवढी राहिली. मग पहिलं गाणं लावलं.

बाजा वाजला. गाण्याची जागा आली आणि स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू आला. आत घेतलेला, बाहेर सोडलेला. जिथे ओळ हवी तिथे लांब, जिथे शब्द हवा तिथे तुटक. ओठांचं उघडणं ऐकू येत होतं, मिटणं ऐकू येत होतं. मध्ये सूर नव्हता. काकांनी दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. सहाही गाण्यांत एक बाई मन लावून, तालात, बिनआवाजाची गात होती.

ठिणगीला तो श्वास ओळखीचा वाटला. रुमालाआडून येणारा असाच असतो. तिने पर्स उचलली आणि जिना चढून बाहेर पडली.

ताईचं दुकान तीन गल्ल्या पलीकडे होतं. ताई मशीनपाशी बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, गळ्याशी निळा रुमाल. धाकटीला पाहून तिने पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

ताई लिहून बोलायची. त्यासाठी तिने काउंटरवर काळ्या कापडाचा एक तुकडा ताणून बसवला होता. त्यावर शिंप्याच्या खडूने लिहायचं आणि हाताने झटकून टाकायचं. कागद साठत नाहीत, असं तिचं म्हणणं.

"ताई, बरी आहेस?" ठिणगीने विचारलं. आत काय चाललंय ते तोंडावर येऊ न देण्याची तिला व्यवसायाने सवय होती.

ताईने टाचण्या काढून ठेवल्या आणि लिहिलं: *या आठवड्यात रोज अकराला घसा दुखतो.*

ठिणगी वाचत राहिली. ताईने झटकलं आणि पुन्हा लिहिलं: *खूप गायल्यावर दुखायचा तसा. आज सहावं होतं ना?*

"तुला कोणी सांगितलं?"

ताईने खांदे उडवले. तिलाही ते नवल वाटत असावं, पण हातातलं काम टाकून नवल करत बसणारी ती बाई नव्हती.

मग ठिणगीने सांगितलं. आडपडदा न ठेवता, चाल न लावता. मालक काय म्हणाला, काका काय विचारायला आले, ती स्वतः काय म्हणाली. "मी खोटं बोलले. तू कधीच म्हणाली नव्हतीस. तुझं गाणं मी घेतलं, आणि आज परत पुसायला लावलं." सांगताना तिचा आवाज फाटला, चिरकला, मध्येच खाली गेला. तो कोणासारखाच नव्हता. तिनेही तो पहिल्यांदाच ऐकला.

ताईने खडू उचलला. मग लिहिलं: *माहीत आहे. जिन्यात होते. तीन कप हातात होते.*

"सतरा वर्षं? मग बोलली का नाहीस?"

ताईने काही लिहिलं, वाचू न देता झटकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा झटकलं. तिचा तळहात पांढरा झाला. तिसऱ्या खेपेला तिने हात बाजूला केला.

*तू सांगशील म्हणून थांबले. मला गायचं होतं.*

ठिणगी रडली. ताई रडली नाही, तिने जवळही घेतलं नाही. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो तिने लपवला नाही. दुकानात फक्त तिचा श्वास वाजत होता. मग तिने कापड स्वच्छ झटकलं, दोन शब्द लिहिले आणि टाचण्या परत ओठांत धरल्या. बोलणं संपल्याची ती तिची खूण होती.

*आधी तू.*

दुसऱ्या दिवशी ठिणगी अकरा वाजता माइकसमोर उभी राहिली आणि हेडफोन खुंटीला अडकवून टाकला.

"हेडफोनशिवाय? बाजा माइकमध्ये शिरेल," काका कुरकुरले.

"शिरू दे. स्पीकरवर लावा, हळू."

ती थांबली. कुणीतरी पुढे जाईल म्हणून शरीर आपोआप वाट पाहत होतं. कोणी गेलं नाही. पुढे नुसता दिवा नसलेला जिना होता. तिने घाबरतच पहिला शब्द टाकला. तो जरा खालीच लागला. दुसरा बरा लागला. आवाज जाडाभरडा होता, वरच्या पट्टीत कापत होता, हसूबिसू कुठेच नव्हतं. सहावं गाणं तिने नव्याने लिहून आणलं होतं. त्यात जिना होता, तीन कप होते, आणि ते वाक्य जसंच्या तसं होतं.

मॅनेजरने ते ऐकून बाहेर बघायला खिडकी शोधली. तळघरात खिडकी कुठली असणार?

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे लोकांना कळलं तर ठिणगी संपली."

"ती तशीही माझी नव्हती," ती म्हणाली. "आणि नाव बदला. 'फक्त मी' नको. 'आधी ती' असं लिहा."

अल्बम निघाला. काहींनी तिला नावं ठेवली, जुन्या चाहत्यांनी तोंड फिरवलं. काहींनी मात्र दाराशी थांबून ऐकल्यासारखा तो ऐकला. किती खपला, किती नाही, हे मॅनेजरला विचारावं. ठिणगीला एकाच माणसाने ऐकायला हवा होता.

एका दुपारी ती दुकानात गेली आणि फोनवर सगळी गाणी क्रमाने लावली. ताई कोटाला बटणं लावत होती. ओठांत चार टाचण्या, मान खाली. सहावं गाणं आलं. दुसऱ्या कडव्याला सुई थांबली, मग पुन्हा चालू लागली. शेवटची ओळ संपली. काकांनी तिथे बाजा आधीच थांबवला होता, ओळीनंतर काही ठेवलं नव्हतं. ठिणगीने स्वतः दहादा ऐकलं होतं.

अर्धा श्वास गेला. आणि स्पीकरमधून मागून आवाज आला. स्वच्छ.

*मग मी.*

ठिणगीने ताईकडे पाहिलं. टाचण्या जागच्या जागी होत्या, ओठ घट्ट मिटलेले. फक्त गळ्यावरचा निळा रुमाल थरथरत होता, आत कोणी फुंकर घालावी तसा. ताईने हळूच त्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर दुखल्याचं काही दिसत नव्हतं.

ठिणगीच्या हातातल्या फोनवर गाणं संपलेलं दिसत होतं. सरकता ठिपका शेवटाला टेकला होता. तरी आवाज पुढे गात राहिला, एक नवीनच गाणं, न लिहिलेलं, न बसवलेलं. ठिणगीने बंद करायला बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. मग तिने स्टूल ओढलं आणि ऐकत बसली. पुढचा शब्द कोणता येणार, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिला सांगता येत नव्हतं.